मधली तुकडी

बंगळूरमध्ये राहून मासे खायचे तर दोन समुद्रांचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर. मंगळूर साडेतीनशे किलोमीटर लांब आणि चेन्नईही जवळपास तेवढीच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे उन्हाळ्यात सगळी भिस्त मंगळूर-मलपेवर आणि जूनच्या मध्यापासून चेन्नई-काकिनाड्यावर. जूनचा पहिला पंधरवडा मात्र असा येतो की दोन्हीकडच्या मोठ्या बोटी धक्क्याला लागलेल्या असतात. तेव्हा मी वेंगुर्ल्याहून आणलेले सुके बांगडे आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, बाहेर काढते.

एरवी शिवाजीनगरचं रसेल मार्केट आहेच. रात्रभर घाट चढून आलेल्या बर्फाच्या पेट्या पहाटे तिथे उघडतात. विक्रेता 'मंगळूर' म्हणाला की मी कल्ले उचलून बघते, पोटाशी बोट दाबून बघते. मासा बरा असतो, कधीकधी चांगलाही असतो. पण रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, माशांवर वाढलेल्या माणसाची भूक वेगळ्या ठिकाणी असते. आमच्याकडे सकाळी किनाऱ्यावर दोर ओढले जायचे, वाळूतच वाटे पडायचे आणि दुपारच्या पानात तेच मासे असायचे. त्यांच्यावर मसाल्याचा फार मारा करावा लागत नसे. नारळ, मिरची, आमसूल, असलीच तर तिरफळं, ती मसाल्याची रानफळं. बाजारातला मासा बंगळूरपर्यंत पोचतो, पण त्या स्वयंपाकातला साधेपणा मधल्या घाटात कुठेतरी गळून पडतो. इथल्या बहुतेक हॉटेलांत माशाची चव लागूच नये इतका मसाला असतो, आणि त्याचं कारण मला चांगलं कळतं.

म्हणून आई गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आली तेव्हा तिला मी 'करावळी'त नेलं.

हे रेस्टॉरंट रेसिडेन्सी रोडवरच्या ताज समूहाच्या हॉटेलात आहे. जुने बंगळूरकर त्या हॉटेलाला अजून गेटवेच म्हणतात. १९९० साली ते सुरू झालं. ताज समूहात तेव्हा कामेलिया पंजाबी होत्या. गोव्यापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर घराघरांत जाऊन, तिथल्या स्वयंपाकघरांतून पाककृती गोळा करून हे रेस्टॉरंट उभं करायचं ही दृष्टी त्यांची. शेफ नरेन थिमय्या स्वतः कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, आणि या स्वयंपाकघराशी त्यांचं नाव कित्येक दशकं जोडलेलं आहे.

आज हे वाचताना फारसं विशेष वाटणार नाही. प्रादेशिक जेवण आता सगळीकडे मिळतं. पण त्या काळातली मोठी हॉटेलं आठवून बघा. तिथे भारतीय जेवण म्हणजे तंदूर आणि लाल-पिवळी ग्रेव्ही. मासा असलाच तर काटे-कातडं काढलेला, लोण्यात परतलेला, पांढऱ्या सॉसखाली झाकलेला. किंवा शेवंड, म्हणजे लॉबस्टर: तिचं मांस काढून, चीज-क्रीममध्ये घोळून पुन्हा कवचात भरलेलं. बांगड्याचं तिकलं हे घरात नाहीतर खानावळीत खायचं, हात धुवूनही बोटांना वास राहणारं जेवण. ते तारांकित हॉटेलात मागायचं असतं हे कुणाच्या मनातही येत नसे. समुद्रावरच्या शहरांतही हीच तऱ्हा होती. आपल्या लोकांनी आपल्या जेवणाविषयी बाळगलेला तो संकोच होता आणि तो मी माझ्या घरातच पाहिलेला आहे. मुंबईहून पाहुणे यायचे असले की आई चिकन करायची. समोर समुद्र असताना!

तो संकोच मोडायला कुणीतरी पांढरं कापड अंथरून, चांगल्या ताटलीत, भारी किमतीला किनाऱ्यावरचं घरगुती कालवण वाढायला हवंच होतं. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात आनंद सॉलोमन यांनी 'कोकण कॅफे' नावारूपाला आणलं, तेही याच वाटेवरचं काम. महाग रेस्टॉरंटांविषयी आपल्याकडे नाकं मुरडायची रीत आहे. या बाबतीत मी त्या रीतीत बसत नाही. भारी दाम मोजल्याशिवाय ज्याला मान मिळत नाही अशा समाजात, आपल्या जेवणालाही एकदा तरी तो भारी दाम लागायला हवा होता.

आई मात्र निघताना नाराज होती. "येवढे पैशे दिवन मासेच खावचे? घरात काय कमी आसत?" हा तिचा सवाल. तिला सत्तरी उलटून गेलीय. आयुष्यात तिने बाहेर मासे खाल्ले असतील ते लग्नाकार्याला गेल्यावर नाइलाजाने, आणि प्रत्येक वेळी 'धुवूक नीट नाय' हा शेरा मारूनच.

आत पाऊल टाकल्यावर तिची नजर पहिल्यांदा वर गेली. कौलं. मग बाहेरचं मोकळं अंगण, मोठं झाड, वेताच्या खुर्च्या. "ही आपलीच कौलां," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काळात ती तांबडी चपटी मंगलोरी कौलं किनारपट्टीने वर-खाली सगळीकडे गेली. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरावर आधी नळे होते, नंतर आजोबांनी हौसेने मंगलोरी कौलं घातली. पावसाळ्यापूर्वी ती शाकारताना फुटलेल्या कौलामागचा छाप वाचायचा हा आमचा लहानपणीचा खेळ होता. गुळगुळीत संगमरवरी हॉटेलातून चालत येऊन त्या छपराखाली बसल्यावर आईचे खांदे जरा सैल झाले.

वाढायला आलेला मुलगा पंचविशीतला असेल. त्याने आईला 'अम्मा' म्हटलं, आणि आम्ही आपसात बोलताना ऐकून जरा थांबून विचारलं, "तुमगेलो गांव खंचो, अम्मा?" घरी कोंकणी बोलणारा, उडुपीजवळच्या कार्कळकडचा निघाला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात गोव्यातून दक्षिणेकडे सरकलेली अनेक कुटुंबं कार्कळ, मंगळूर, पार कोचीपर्यंत पसरली, आणि चार-साडेचारशे वर्षांनी त्यांतला एक नातू बंगळूरमध्ये माझ्या आईला पाणी ओतत होता. पुढचा सगळा वेळ ती त्याच्याशी मालवणीत बोलली आणि तो तिच्याशी त्याच्या कोंकणीत. मला मध्ये पडावं लागलं नाही.

आईने मेन्यूकार्ड उघडलंच नाही. तिने त्याला विचारलं, आज काय ताजं आलंय. मला वाटलं, अशा ठिकाणी 'सगळंच ताजं आहे' असं ठरलेलं उत्तर येईल. तसं झालं नाही. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, काणे चांगले आहेत. काणे म्हणजे आमची मुडदुशी.

मुडदुशी हा मासा ज्यांनी खाल्ला नाही त्यांना त्याचं वर्णन करणं अवघड आहे, कारण त्यात भपका काहीच नाही. वीतभर लांबीचा, निमुळत्या तोंडाचा, वाळूच्याच रंगाचा. वाळूच्या किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी फिरतो आणि चाहूल लागली की वाळूत शिरतो. आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला पहिला मासा हाच देतात, इतका हलका. पापलेट-सुरमईच्या रांगेत तो कुणी मांडत नाही. तो पुढे आला तेव्हा सबंध होता. डोकं, शेपूट, सगळं जागेवर. वरून अगदी पातळ लालसर थर, त्यातून कातडीची चांदी दिसत होती. आईने काटा-चमचा बाजूला सरकवला. अंगठ्याने पाठीच्या रेषेवर हलकेच दाबलं, मासा कडेने उघडला, आणि मांस काट्याला न चिकटता पांढरंशुभ्र सुटून आलं. मधला काटा तिने डोक्यासकट एका ओढीत उचलला. तो काटा स्वच्छ निघाला. मासा आतून कच्चा राहिला की तो असा निघत नाही, मांसाचे तुकडे घेऊन येतो. आणि जास्त तळला असला की मधेच तुटतो. आईने तो काटा ताटलीच्या कडेला ठेवून क्षणभर नीट पाहिला.

"माशाक त्रास दिलेलो नाय ह्यांनी," ती म्हणाली.

तिच्या तोंडून याहून मोठी पावती मी कधी ऐकलेली नाही. मला आणि माझ्या बहिणीला स्वयंपाक शिकवताना तिचा सगळा भर यावरच असायचा. मासे धुतल्यावर फार चोळायचे नाहीत. कालवणात घातल्यावर पळी फिरवायची नाही, टोप धरून हलवायचा. उकळी आली की पुरे. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. रोज एकाच्या शेजारी उभं राहून येतं. आणि ती मुडदुशी तळणारा आत जो कुणी होता, त्याच्या शेजारी कधीतरी कुणीतरी तसं उभं राहिलेलं होतं.

मग नीर डोसे आणि आलेप्पी फिश करी आली. नीर डोसा म्हणजे आमचे घावणेच, थोडे अधिक पातळ, रुमालासारखे घडी घातलेले. आलेप्पीच्या कालवणात आंबटपणा कैरीचा. हळद, आलं, हिरवी मिरची, नारळ आणि खोबरेल तेल. आम्हीही चैत्र-वैशाखात माशाच्या आमटीत कैरी घालतो, पण आल्याला आमच्याकडे एवढा पुढे येऊ देत नाहीत. आईने आधी नुसता रस्सा बोटावर घेऊन चाखला. मग बोटांच्या चिमटीत तो चोळून पाहिला. "ह्यां वाटप बारीक आसा. पण मिक्सरातलां नाय," तिने निकाल दिला. मिक्सरमध्ये वाटप तापतं, नारळ तेल सोडतो आणि रस्सा कडेला फुटतो, असं तिचं म्हणणं. तिने घरी अजूनही वाटपाचा दगडी रगडा ठेवलाय. इथे रगडा आहे का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. रस्सा फुटलेला नव्हता एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिरफळावरून मात्र तिने त्या मुलाला जरा छेडलं. इथे बांगडा असता तर तिरफळं व्हयी होती, असं ती म्हणाली. तो हसला आणि त्याची आजी बांगड्याच्या आंबटात तिरफळं घालते ते सांगत बसला: ताजी असली तर हिरवीच, नाहीतर सुकी भिजवून, आतली काळी बी काढून. बी राहिली तर कडवट होतं. आईने मान डोलावली. कार्कळ कुठे, वेंगुर्ला कुठे. पण माशाच्या बाबतीत हा सगळा पट्टा एकच घर आहे. राज्यांच्या सीमा नंतर आल्या. वेंगुर्ल्याहून मला पुणं दूर वाटतं आणि कारवार जवळ, ते काही नुसत्या किलोमीटरांमुळे नाही.

शेवटी करीमीन पोळ्ळिचदु. म्हणजे काळुंदर, आमच्या खाडीतली. केरळने २०१० साली तिला राज्यमासा केलं. आमच्याकडे ती खाडीकाठच्या लोकांनी गळाला लावून घरच्यापुरती आणायची. रुंद, चपटी, अंगावर मोत्यासारखे ठिपके. नर-मादी दोघं मिळून अंड्यांवर आणि पिलांवर पहारा ठेवतात, असा हा मासा आहे. काटे मात्र भरपूर. शहरातली बरीच हॉटेलं काळुंदरीला हात लावत नाहीत ती त्या काट्यांपायी. इथे ती काट्यांसकट होती, छोट्या कांद्यांच्या आणि खोबरेलाच्या दाट मसाल्यात लपेटून, केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजलेली. पान उघडल्यावर जो वास आला तो मी शब्दांत सांगत बसत नाही. ज्यांच्याकडे पावसाळ्यात बारीक मासळी केळीच्या पानात बांधून तव्यावर ठेवतात त्यांना तो माहीत आहे.

इथे एक गोष्ट घडली. मासा एकच मागवला होता, दोघींत. त्या मुलाने तो वाढताना सवयीने मधला, सगळ्यात मांसल भाग आईच्या ताटलीत घातला. वडीलधारी माणूस म्हणून. आईने तो तसाच उचलून माझ्या ताटलीत ठेवायला घेतला आणि डोकं स्वतःकडे ओढलं. "मधली तू घे गो." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तिला डोकंच आवडतं.

मी हे वाक्य जन्मभर ऐकलंय. आमच्या घरी मधल्या तुकड्या आधी आजोबांच्या, मग बाबांच्या आणि काकांच्या पानात जायच्या, मग आम्हा मुलांच्या. डोकी, शेपट्या आणि टोपाच्या तळाला राहिलेलं कालवण आई, आजी आणि काकू खायच्या, दुपारी दोनला, मागच्या पडवीत बसून. माशाच्या डोक्यात खरंच चव असते, गालाचं मांस तर फार गोड, हे मीही मानते. पण आवड आणि वाटणी यांची अशी गाठ बसलेली असते की पन्नास वर्षांनी ती त्या बाईलाही सोडवता येत नाही. मी तिच्या ताटलीतली तुकडी तिथेच राहू दिली आणि डोकं अर्धं करून घेतलं. तिने मधली तुकडी खाल्ली. सावकाश, एकेक काटा ओठांतून काढत. चांगली आहे म्हणाली.

आणि मग तिने त्या मुलाला विचारलं, "ह्यां तुमका कोणी शिकवल्यान?"

तो म्हणाला, आमच्या जुन्या लोकांनी घरोघरी जाऊन बायकांकडून शिकून घेतलं, अम्मा. आईला त्यात काही नवल वाटलं नाही. बायकांकडूनच शिकणार, दुसरं कोण शिकवणार, असा तिचा चेहरा होता. ती पुढे सोलकढीकडे वळली. पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. त्या बायका कोण होत्या? मंगळूरच्या, आलेप्पीच्या, मडगावच्या. ज्यांनी आपल्या पडवीत कुणा शहरी माणसाला बसवून घेतलं, नारळ किती भाजायचा ते हातावर दाखवलं, चिंच की कैरी ते सांगितलं. त्या स्वतः कधी इथे जेवायला आल्या असतील का? आणि आल्या असत्या तर त्यांनी मधली तुकडी घेतली असती का?

बिल आलं. आईला दिसू नये म्हणून मी ते पटकन फिरवून घेतलं. आमच्या गावाकडच्या खानावळीत एवढ्या पैशांत अख्खं घर दोन वेळा जेवलं असतं, थाळीत तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, वाटी धरून. मला ते पैसे जड वाटले नाहीत. कौलांचे, कापडाचे, अंगणाचे, दाराशी उघडणाऱ्या गाडीच्या दाराचे पैसे त्यात होते, ते असणारच. पण तीसहून अधिक वर्षं एकाच ठिकाणी, एवढे आचारी येऊन-जाऊन, काटे न काढता, आंबटपणा न कमी करता, तेच कालवण तसंच राखायचं याला फार मोठी शिस्त लागते. गिऱ्हाईकाचा दबाव उलटा असतो. जरा गोड करा, क्रीम घाला, काटे नकोत, वास नको. एकदा वाकलं की वाकतच जातं. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात मी ऑफिसच्या जेवणाला गेले होते, तिथे मालवणी करी नावाखाली नारळाच्या दुधातला गोडसर, केशरी पदार्थ आला होता. त्यात मासा कोणता होता ते मला, वेंगुर्ल्याच्या मुलीला, शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. न वाकण्याचे पैसे मी आनंदाने देईन.

एका बाबतीत मात्र अशा सगळ्याच महागड्या टेबलांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. मासा कोणता घ्यायचा हे त्यांच्या हातात असतं. रोजच्या बाजारात ते कुणाच्या हातात नाही. बोटीला डिझेल सुटायला हवं, कोळणीला वाटा खपायला हवा, मला संध्याकाळी कालवण करायला हवं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सरंगा, म्हणजे पापलेट, राज्यमासा म्हणून जाहीर केला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटाला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. १३५ मिलिमीटर म्हणजे माझ्या तळहाताहून थोडंच लांब. एवढंस पिल्लूसुद्धा बाजारात राजरोस विकलं जातं म्हणून तर हा नियम करावा लागला. आणि ताटलीत सबंध मावणारं छोटं पापलेट फार देखणं दिसतं, म्हणून ते मोठ्या हॉटेलांतही मागवलं जातं. त्याला अजून एकदाही अंडी घालायला मिळालेली नसतात. किंमत लावायची ताकद ज्यांच्यात आहे त्यांनी आधी ते नाकारायला हवं. मोठा मासा घ्या, तुकड्या करा. तुकडी वाढण्यात कमीपणा कसला?

आणि तारली, म्हणजे सार्डिन, वाढा. केरळात २०१२ साली तारलीची जवळपास ३.९ लाख टन विक्रमी आवक झाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. समुद्राचं तापमान, पाऊस, प्रवाह, त्यावर वाढणारं तारलीचं खाद्य, आणि अर्थातच जाळी, सगळ्यांचा मेळ त्यात आहे. मासा परततोही, किनाऱ्यावरच्या माणसांनी असे चढउतार पूर्वीही पाहिलेत. पण ज्या वर्षी तारली येते त्या वर्षी ती खतावारी जाऊ नये, तिला दर मिळावा, एवढं तरी मोठ्या ताटल्यांना जमावं. गरिबाचा मासा म्हणून तिला मेन्यूबाहेर ठेवायचं आणि दर हंगामात सुरमईच मागायची, हा त्या समुद्रावर अन्याय आहे. त्या संध्याकाळी मुडदुशी पुढे आली तेव्हा मला जो आनंद झाला तो निम्मा चवीचा होता आणि निम्मा याचा, की त्या दिवशी जे आलं ते वाढलं गेलं.

आमच्या वेंगुर्ल्याकडे, शिरोड्याजवळ वेळागरला ताजचं हॉटेल होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. १९९० च्या दशकातली ती गोष्ट. जमिनीच्या प्रश्नावरून ते वर्षानुवर्षं रेंगाळलं, आणि ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते उभं राहील तेव्हा त्याच्या स्वयंपाकघराविषयी मला आतापासून बोलायचं आहे. करावळीच्या पाककृती गोव्यापासून खाली केरळपर्यंतच्या. गोव्याच्या वरचा, तेरेखोल ओलांडून पुढचा आमचा पट्टा माझ्या माहितीत तरी अजून कुणी असा बसून, वर्षभर, घरोघरी हिंडून लिहून घेतलेला नाही. मालवणी मसाल्याच्या पुड्या सगळीकडे मिळतात, मालवणी नावाची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. पण आरवलीच्या घरात पेडव्यांचं सुकं कसं होतं, रेडीच्या खाडीतल्या काळुंदरीला कोण काय लावतं, आषाढात मासे नसताना फणसाच्या आठळ्यांत सुकी सुंगटं घालून काय काय करतात, याच्या पाककृती अजून बायकांच्या हातातच आहेत. त्यातले बरेच हात सत्तरीचे आहेत.

तेव्हा त्या हॉटेलाने माणसं पाठवावीत ती आताच, इमारतीच्या आधी. आणि जिच्याकडून जे शिकतील तिचं नाव, गावासकट, मेन्यूवर त्या पदार्थाखाली छापावं. वर्षातून एकदा त्या सगळ्यांना पहिल्या पंगतीला बसवावं आणि बिल हॉटेलाने भरावं. आईला मी हे सांगितलं तर तिने आधी विचारलं की तिथे रगडा असणार का. मग म्हणाली, नावबिव जाऊ दे, पण कुणी शिकायला येणार असेल तर पावसाळ्याआधी यायला सांग. नंतर ओला मासा कुठला मिळायचा.